रविवारच्या आधीचे सहा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, राहणं डोंबिवलीत, येत्या रविवारी मुंबईत पहिली फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर. डिसेंबरात तापामुळे दोन आठवडे सराव बुडाला, त्यामुळे ३२ किलोमीटरची धाव राहूनच गेली आणि सगळ्यात लांबची धाव २८ वर अडकली. ती या बुधवारी किंवा गुरुवारी उरकून घेऊ का? शनिवारपासून उजव्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूने टोचतंय. पाळी नेमकी शर्यतीच्या दिवशी येईल असं दिसतंय. आणि घरचे विचारतायत, तुला खायला काय करायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईतली फुल अकरा वेळा धावले आणि गेली चौदा वर्षं पहिल्यांदा धावणाऱ्यांना तयार करते आहे. तुमच्यासारखं पत्र दर जानेवारीत येतं आणि त्यात बहुतेक हाच पहिला प्रश्न असतो. उत्तर आहे, नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, "निदान २० तरी" असंही नाही.

लांब धावेचा फायदा शरीरात मुरायला दहा ते चौदा दिवस लागतात. थकवा मात्र त्याच दिवशी अंगावर येतो. बुधवारी ३२ धावलात तर फायदा शर्यत होऊन गेल्यावर मिळेल आणि रविवारी पहाटे सीएसएमटीला उभ्या राहाल ते पिंडऱ्या भरून आलेल्या अवस्थेत. जो दम कमवायचा होता तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे कमवून झालाय. या सहा दिवसांत तो वाढणार नाही, घालवता मात्र नक्की येईल. २८ किलोमीटर पायाखाली असलेली बाई फुल पूर्ण करू शकते. माझ्याकडच्या कितीतरी जणींनी केली आहे. अट एकच, सुरुवात हळू हवी. त्यावर पुढे बोलते, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

या आठवड्यात धावायचं ते एवढंच: मंगळवारी पाच किलोमीटर, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. गुरुवारी चार किलोमीटर, शेवटी वीस-वीस सेकंदांचे चार चपळ तुकडे, म्हणजे पाय जड वाटणार नाहीत. शनिवारी सकाळी पंधरा मिनिटं चालणं. बाकी काही नाही. जिम नको, नवा योगवर्ग नको, कोणी दिलेला "हिप मोबिलिटी"चा व्हिडिओ नको.

आता एक गोष्ट जी कुठल्याही ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेली नसते. ही शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीच्या अगदी पाठोपाठ. बायकांचा हा आठवडा तिळगूळ, गुळपोळ्या, वाणाची खरेदी आणि हळदीकुंकू यात जातो. माझी एक विद्यार्थिनी सगळा सराव चोख करून आली होती. शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे चाळीस बायकांचं हळदीकुंकू झालं. दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत ती उभी होती. तिचे पाय रविवारी पंधराव्या किलोमीटरला संपले. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. तुमचं पुढच्या आठवड्यात ठेवा, आणि शनिवारचं आमंत्रण असेल तर "पुढच्या वर्षी दोनदा येईन" म्हणून सांगा. पोळ्या लाटायला या वर्षी घरातला दुसरा कोणी उभा राहील. मी हे अगदी गंभीरपणे सांगते आहे. सरावात दोन आठवडे बुडाले त्याने तुमचं जेवढं नुकसान झालं नाही, तेवढं शनिवारच्या आठ तास उभं राहण्याने होईल.

गुडघ्याकडे येते. सराव कमी केला की अंगात नाही नाही ती दुखणी डोकं वर काढतात. महिनोन् महिने जे दुखलं नाही ते शेवटच्या आठवड्यात ठणकायला लागतं. थोडं कारण म्हणजे स्नायूंची डागडुजी सुरू असते, आणि बरचसं कारण म्हणजे आपण दिवसभर त्यांच्याकडेच कान लावून बसलेले असतो. पण तुम्ही "बाहेरच्या बाजूला" म्हणालात म्हणून मी ते तेवढ्यावर सोडणार नाही. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत एक जाड पट्टा जातो. तो चिडला की दुखणं नेमकं तिथे येतं आणि जिना उतरताना जास्त जाणवतं.

मंगळवारची धाव हीच तुमची तपासणी समजा. धावताना पहिल्या दहा मिनिटांत टोचणं कमी होत गेलं, तर काळजी सोडा. किलोमीटरागणिक वाढत गेलं, तर थांबा आणि घरी चालत या. घरी आल्यावर सावकाश दहा पायऱ्या उतरून बघा. मग उजव्या पायावर दहा लहान उड्या. लंगडावं लागत नसेल, पाऊल टाकण्याची पद्धत बदलत नसेल, तर तो पाय ४२ किलोमीटर नेईल. लंगडत असाल, रात्री झोपेत दुखत असेल, सूज दिसत असेल किंवा हाडावर एकाच बिंदूला बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर बुधवारीच ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, आणि ते नको म्हणाले तर धावू नका. हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटतं, कारण सहा महिन्यांची पहाट काय असते ते मला ठाऊक आहे. पण लंगडत धावलेल्या फुलनंतर वर्षभर धावायला न मिळालेली माणसं मी टेबलावर तपासली आहेत.

तोपर्यंत त्या जागेवर फोम रोलर (स्नायू रगडायची फोमची नळी) जोरात घासू नका, चिडलेलं आणखी चिडतं. मालिश करून घ्यायची तर हलकी आणि बुधवारपर्यंत. सगळ्यात महत्त्वाचं, शर्यतीच्या सकाळी "खबरदारी म्हणून" वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. पाच तास घाम गाळताना तो आधीच कमी झालेला असतो. दुखणं हा शरीराचा निरोप आहे. तो बंद करून ४२ किलोमीटर धावायचं नाही.

तापाबद्दलही. तुम्ही डिसेंबरात आजारी होतात आणि आत्ता घराघरात खोकला आहे. या आठवड्यात नुसती सर्दी झाली, नाक वाहिलं, तर बहुधा धावता येईल. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा हृदयावर मॅरेथॉनचा भार टाकणं जिवावर बेतू शकतं. धावताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही आलं तर पुढच्या मेडिकल स्टेशनची वाट बघू नका. तिथेच थांबा आणि शेजारच्याला सांगा.

पाळीचं. ती आली तर धावता येतं, हे पहिलं. पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे पूजेसाठी, लग्नासाठी सहज घेतली जाते. तशीच ती मैत्रिणीच्या पर्समधून घेऊन शर्यतीसाठी घेऊ नका. काहींना मळमळतं, अंगावर पाणी चढतं, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असलेल्यांनी ती घेऊच नये. विचार असेल तर आजच स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. नाहीतर कप, टॅम्पन किंवा पॅड, सरावात जे वापरलंय तेच. पॅड वापरत असाल तर जांघेत आणि कडेने पेट्रोलियम जेली भरपूर लावा, कारण ओला पॅड पंधरा किलोमीटरनंतर साल काढतो. एक जास्तीचा पॅड पिशवीत बांधून कमरेच्या पट्ट्यात. पोटात फार कळा येतात अशांना डॉक्टरांनी दिलेलं औषध असतं. ते शर्यतीच्या दिवशी घ्यायचं का, तेही त्याच भेटीत विचारून ठेवा.

आता जेवण. घरच्यांना सांगा, वेगळं काही करायचं नाही, ताटातलं प्रमाण बदलायचं आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, साठवतात. धावताना मुख्यतः तेच जळतं आणि तिसाव्या किलोमीटरनंतर ते संपत आलं की पाय एकाएकी दगड होतात. ही कोठी शुक्रवार-शनिवारी भरायची. तुमचं वजन तुम्ही ६० किलो लिहिलंय, म्हणजे किलोमागे सात ते आठ ग्रॅम धरून दोन्ही दिवस रोज ४२० ते ४८० ग्रॅम कर्बोदकं. आकडा मोठा वाटतो, पण वाटीभर शिजलेला भात ४० ग्रॅमच्या आसपास देतो आणि एक मध्यम केळं २५. त्यामुळे दोन्ही वेळा वरण-भात, मधल्या वेळेला इडली, उकडलेला बटाटा, केळी, साखर-लिंबाचं सरबत, असं दिवसभर विभागून खाल्लं की जमतं. एका रात्री पोट फुटेस्तोवर पास्ता खाण्याची गरज नाही, आणि आपल्याकडे वरण-भात असताना तर मुळीच नाही.

मंगळवारची भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी आनंदाने खा. बुधवारची गुळपोळी तर दोन खा. पण शुक्रवारपासून चोथा कमी करा: भाकरी, उसळी, कोशिंबिरी, पालेभाज्या, वांगं, हे सगळं आता शर्यतीनंतर सोमवारी. शनिवारी दूध पचत नसेल तर तेही नको. साबुदाण्याची खिचडी धावणाऱ्यांना का कोण जाणे फार भरवशाची वाटते. साबुदाणा स्टार्चच आहे, पण त्यातला दाण्याचा कूट आणि तूप पहाटेपर्यंत पोटात बसून राहतं. शनिवारी रात्री साडेसातला जेवून घ्या, साधं आणि नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण मुख्य भरणा दुपारीच झालेला असेल.

शनिवारी वजनकाट्यावर उभ्या राहू नका. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल. ते चरबीचं नाही, रविवारचं इंधन आहे. दरवर्षी कोणीतरी तो आकडा बघून शनिवारी रात्री उपाशी झोपतं.

बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद. तो शर्यतीआधीच्या एक्स्पोत, म्हणजे प्रदर्शनात, मिळतो. तिथे शक्यतो गुरुवारी जा, फार तर शुक्रवारी. गेली काही वर्षं हा एक्स्पो बीकेसीत असतो, शर्यतीच्या दिवशी बिब मिळत नाही आणि मूळ ओळखपत्र लागतं. कुर्ल्याला उतरून रिक्षा किंवा बस, बिब घ्यायचा, एक फोटो आणि तासाभरात बाहेर. माझ्या पहिल्या फुलच्या आदल्या दिवशी मी तिथे साडेतीन तास फिरले. एक सुंदर मोज्यांची जोडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तीच घातली. ३० किलोमीटरनंतर दोन्ही पायांच्या तळव्यांना फोड होते आणि पुढचे १२ मी पायाच्या कडांवर धावले. म्हणून सांगते, बूट, मोजे, ब्रा, टी-शर्ट, सगळं धुतलेलं आणि निदान एका लांब धावेत वापरलेलं. नखं आज-उद्याच कापा, शनिवारी नको. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्याचा नंबर पेनने लिहा, आणि वेळ नोंदवणारी चिप बिबलाच असते म्हणून त्याची घडी घालू नका.

शनिवारी रात्री झोप लागणार नाही. मला अकराव्या वेळीही लागली नाही. त्याने फारसं बिघडत नाही, शुक्रवार रात्रीची झोप खरी. ती आठ तास घ्या.

डोंबिवलीहून पोहोचणं हा तुमच्यापुढचा खरा पेच. फुल पहाटे पाचच्या सुमारास सुटते. गेल्या काही वर्षांत रेल्वेने त्या दिवशी पहाटेच्या विशेष लोकल सोडल्या आहेत. वेळा एक-दोन दिवस आधी जाहीर होतात, त्या शुक्रवारी नक्की बघा आणि तरीही दुसरी सोय ठरवून ठेवा. दादरला किंवा भायखळ्याला कोणी नातेवाईक असतील तर शनिवारी मुक्कामाला जाणं सगळ्यात चांगलं. फक्त त्यांना आधी सांगा की जेवण साधं हवं आणि रात्री गप्पा नकोत. पहाटे अडीच-तीनला उठून सरावात जे खात होतात तेच खा, ब्रेड-जॅम किंवा केळं आणि चहा. पाणी दोन पेले, तेही सव्वाचारपर्यंत संपवा. नंतर शौचालयाची रांग. ती कल्पनेपेक्षा लांब असते.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुमची हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत, २ तास २५ मिनिटांची आहे. पहिल्या फुलसाठी त्याची दुप्पट आणि वर अर्धा तास धरा, म्हणजे ५ तास २० मिनिटं. याचा वेग किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ३५ सेकंद येतो. पहिले पाच किलोमीटर याहून सावकाश धावा, पावणेआठ ते आठ मिनिटांनी. ते अवघड जाईल. अंधार असेल, हवा गार असेल, हजारो माणसं, ढोल, अंगात सहा दिवसांची साठलेली ताकद. किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा वेगही चालण्यासारखा वाटेल. शेजारून लोक सपासप पुढे जातील. जाऊ द्या. घड्याळाकडे बघा, अंगातल्या जोशाकडे नको. हाफचा टप्पा २ तास ४० मिनिटांच्या आत आला तर तुम्ही जास्त वेगात आहात. तिथेच लगाम खेचा.

ही घाई का करायची नाही ते परतीच्या वाटेवर कळतं. मी जितक्या वेळा धावले तितक्या वेळा पेडर रोडचा चढ ३५ व्या किलोमीटरच्या आसपास आला. मार्गात दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून यंदाचा नकाशा पाहून चढ कुठे आहेत ते पाठ करा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो. पहिले दोन तास अंधारातले, पण शेवटचे दोन तास तुम्ही आणि मी, आपण सगळे मागचे, उन्हात असतो. मरीन ड्राइव्हवर सावली नाही. तेव्हा टोपी घ्याच. चढावर सरळ चाला. लहान पावलं, हात हलवत, वर पोचल्यावर पुन्हा धाव. चालणं म्हणजे हरणं असं ज्यांनी तुम्हाला सांगितलंय त्यांनी बहुधा पाच तास धावून पाहिलेलं नाही.

पाण्याबद्दल नीट वाचा. "प्रत्येक स्टेशनवर पाणी प्या" हा सल्ला आपल्या वेगाच्या लोकांसाठी धोक्याचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त शेवटी तपासलं. १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम असायला हवं त्याहून कमी होतं. जास्त वेळ धावणारे आणि धावताना वजन वाढलेले, म्हणजे घामाहून अधिक प्यायलेले, त्यात जास्त होते. माझ्या गटातला एकजण असाच ३६ व्या किलोमीटरला भ्रमिष्टासारखं बोलायला लागला. त्याला सगळे "पाणी द्या" म्हणत होते आणि तेच त्याचं दुखणं होतं. दोन दिवस रुग्णालयात काढून तो बरा झाला. म्हणून तहान लागेल तसं, तीन-चार घोट. एका स्टेशनवर पाणी, पुढच्यावर इलेक्ट्रोलाइट. ओआरएस न्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळलेलं. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, डोकं दुखून मळमळायला लागलं, तर पिणं थांबवा आणि मेडिकल स्टेशन गाठा. बाकीचं पाणी डोक्यावर आणि मानेवर ओता.

जेल, म्हणजे पाकिटातला गोड ऊर्जेचा पाक, सरावात घेतली असतील तर पाऊण-पाऊण तासाने एक, पहिलं पाऊण तासालाच, भूक लागायच्या आधी. नसतील घेतली तर खजूर ठीक आहे. बिया काढून दोन-दोन तुकडे, अर्ध्या तासाने. रस्त्याच्या कडेला लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात. पहाटेपासून मुलाबाळांसकट उभे असतात आणि तुमच्या बिबवरचं नाव वाचून हाक मारतात. संत्र घ्या, मीठ लावलेलं असेल तर उत्तमच. दुखऱ्या जागी मारायचा फवाराही मिळेल, तो उघड्या सालपटलेल्या कातडीवर मारू देऊ नका.

शेवटची रेषा ओलांडल्यावर बसू नका. पंधरा मिनिटं चाला, मग खा. घरून कोणाला तरी बोलवा, आणि त्यांना रविवारचा मेगाब्लॉक बघून ठेवायला सांगा. सीएसएमटीचे जिने उतरताना तुम्हाला त्यांचा खांदा लागेल.

उद्या धावून आल्यावर त्या दहा पायऱ्या उतरा आणि गुडघ्याने काय सांगितलं ते मला लिहा. टोचणं वाढलं असेल तर कितव्या किलोमीटरला, तेही.